सगळ्यात मोठा कोण?

नाक्यावर सगळ्यात जास्त वेळ कुठल्या प्रश्नावर जातो? महागाई नाय, नोकरी नाय, शिक्षणाचा धंदा तर नायच नाय. 'सगळ्यात मोठा खेळाडू कोण?' या प्रश्नावर. ब्रॅडमन की सचिन, पेले की मेस्सी. कटिंगवर कटिंग होते, बिडीचं बंडल संपतं, आणि एकजण मोबाईल काढून आकडे वाचायला लागतो. ब्रॅडमनची ५२ कसोटींत ९९.९४ची सरासरी. सचिनची शंभर शतकं. आकडा वाचला की समोरचा गप. जणू चित्रगुप्ताच्या वहीतलं पानच वाचून दाखवलं.

आकड्यांशी माझं वाकडं नाय. मी गोदीत काम करतो, आमचं सगळं आयुष्यच आकड्यांत आहे. किती टन उतरलं, किती पाळ्या भरल्या, किती खाडे पडले. पण आकडा लिहिणाऱ्या कारकुनाच्या वहीत जहाजाचं नाव असतं, मालाचं असतं, मालकाचं असतं. ज्या टोळीनं माल उतरवला तिच्यातल्या माणसांची नावं त्या पानावर नसतात. म्हणून कुणी आकडा तोंडावर फेकला की मी आधी विचारतो, वही कुणाच्या हातात होती?

हा प्रश्न आत्ताच संपादकीयात यायचं कारण असं की, आपल्या वस्तीतल्या पोरांनी जयंतीच्या टेनिस बॉल टूर्नामेंटसाठी चषक घेतला आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून दोन तट पडले. एक पोरगा म्हणाला मुहम्मद अली. दुसरा म्हणाला पी. बाळू. तर चळवळीत केस पांढरे केलेले एक काका ताडकन उठले. म्हणाले, बाळू १९३७ला बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा होता, त्याचं नाव कोराल तर माझी वर्गणी परत करा. सभा तिथंच मोडली. पोरांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी अंक काढतो. म्हटलं, लिहूनच सांगतो. नुसतं नाव सांगून भागणार नाय, हिशेब मांडावा लागेल.

आधी बाळू कोण ते सांगतो. आपल्यातल्याच निम्म्या पोरांना ठाऊक नाय. त्यात त्यांचा दोष नाय, शाळेच्या पुस्तकात तो धडा कधी आलाच नव्हता.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. जातीनं चांभार. बाप लष्करी नोकरीत, म्हणून मुक्काम पुण्याला. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारश्यांच्या एका क्लबात, मैदान झाडायची आणि रोलर ओढायची. पगार महिना तीन रुपये. मग १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथं चार रुपये. तिथंही रोलर, चुन्याच्या रेघा, नेट बांधणं-सोडणं. कुणा साहेबाला सरावाला बॉलर पाहिजे झाला आणि या पोराच्या हातात चेंडू आला. डावा हात. मंद, वळणारा चेंडू. ग्रेग नावाचा इंग्रजांचा पट्टीचा बॅट्समन तासन्तास नेटमधे त्यांच्यापुढं उभा राहायचा. असं सांगतात की आउट केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा.

बॉलिंग दिली, बॅट मात्र हातात दिली नाय. साहेबांच्या क्लबात नोकरानं बॅटिंग करायची नसते. टाकणं हे काम, मारणं हा खेळ. ही वाटणी ज्याला कळली त्याला हिंदुस्थानातली सगळी अर्थव्यवस्था कळली म्हणायची.

पुढं पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची खुमखुमी आली. हरवायचं तर बॉलर पाहिजे आणि बॉलर निघाला चांभार. वाद झाला. शेवटी बाळूंना घेतलं. मैदानात चेंडू त्यांच्या हातातून बामणाच्या हातात, बामणाच्या हातातून त्यांच्या हातात. चेंडूला विटाळ नाय. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमधे, पांढऱ्याशुभ्र कपांत. बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फोडून टाकायच्या. जेवणाची ताटली वेगळी, टेबल वेगळं. तोंड धुवायला पाणी द्यायचं तर ते द्यायला नोकरही अस्पृश्यच. रामचंद्र गुहांनी २००२ साली क्रिकेटच्या इतिहासावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं त्यात हे सगळं तपशिलानं आहे. गुहा काही आपल्या चळवळीतले नाहीत, पण हे काम त्यांनी केलं हे मान्य करायला काय हरकत आहे? आपल्यातल्या कुणी केलं नाय, ही लाज आपली.

पुण्याच्या प्लेगनंतर बाळू मुंबईत आले. रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. एकशेनऊ धावांनी गोरे साहेब त्यांच्याच अंगणात आडवे. बाळूंचे त्या सामन्यात आठ बळी, आणि शिवरामही त्या संघात. वर्तमानपत्रांनी हिंदूंचा विजय म्हणून डंका पिटला. ज्या दोन भावांना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी 'हिंदूं'ना जिंकून दिलं. हा विनोद आपल्या साहित्यिकांना शंभर वर्षांत सुचला नाय.

१९११ला हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. कप्तान कोण, तर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय एकोणीस-वीस. महाराज मोजकेच सामने खेळले, बाकी दौरा मेजवान्यांत. संघ जिंकला थोडा, हरला फार. त्या हरणाऱ्या संघात पस्तिशीचा बाळू पालवणकर दिवसामागून दिवस टाकत राह्यला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. सबंध दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. वही हातात घेणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा देतो. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. कसोटीचा आकडा नाय, कारण हिंदुस्थानला पहिली कसोटी मिळाली १९३२ला आणि तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. नाक्यावरचा मोबाईल कसोटीचे आकडे दाखवतो, म्हणून बाळू त्याच्यात येत नाय.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात, हे देणं असतं, निसर्गाचं. काळ्यांना पळायचं देणं, आदिवासींना तिरंदाजीचं देणं, तुम्हा लोकांना ताकद. गोदीत एका बाबूनं मला तोंडावर सांगितलं होतं, तुम्हा लोकांना वजन उचलायची सवयच असते. सवय! माझ्या खांद्याला पडलेला घट्टा ही सवय नाय, तो माझ्या आज्याच्या, बापाच्या आणि माझ्या मजुरीचा जमाखर्च आहे. जड बोजा पाठीवर कसा घ्यायचा, हूक पोत्याच्या कुठल्या कोपऱ्यात घालायचा, दोघांनी एका दमात कसं उचलायचं हे शिकावं लागतं, त्याला वर्षं जातात, त्यात बोटं जातात. पण बाबू लोक अभ्यासाला आपली बुद्धी म्हणतात आणि आमच्या अभ्यासाला निसर्ग म्हणतात.

बाळूंचा चेंडू वळायचा तो नेटमधे रोज, वर्षानुवर्षं, पगारी नोकर म्हणून टाकून टाकून. खेळपट्टी स्वतः लोळवणारा माणूस होता तो. कुठल्या जागी ओल राहते, कुठं माती भुसभुशीत, हे रोलर ओढणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं बॅट काखेत मारून येणाऱ्याला कसं कळेल? आता २००१चा 'लगान' आठवा. त्यात आपल्यातला एक बॉलर दाखवलाय, नाव काय तर कचरा. त्याचा चेंडू वळतो कशानं? हात लुळा आहे म्हणून! कला नाय, सराव नाय, अपघात. आणि त्याला संघात घ्यायला भाषण कोण करतो, तर सवर्ण नायक. कचरा स्वतः काय बोलतो? काय नाय. थेटरात आपलीच पोरं शिट्या मारत होती. शिट्या मारा, पण नंतर विचारा की खऱ्या माणसाची डोक्यातली अक्कल काढून हातात लुळेपणा का घातला?

असलंच अमेरिकेतही झालं. जो फ्रेझर. दक्षिण कॅरोलिनातल्या खंडकऱ्याचा पोरगा, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबायचा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, मग हेवीवेटचा जगज्जेता. त्याच शहरात 'रॉकी' नावाच्या सिनेमातल्या खोट्या, गोऱ्या बॉक्सरचा पुतळा १९८०च्या दशकातच आला. खऱ्या, काळ्या फ्रेझरचा पुतळा उभा राह्यला २०१५ला. माणूस २०११लाच मेला होता.

आणि फ्रेझरचं नाव निघालं की अलीवर यावंच लागतं.

अली आपला आहे. दलित पँथरनं १९७२ला मुंबईत नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून, आणि त्या काळात काळ्या माणसाची छाती काय असते ते जगाला दाखवणारा एकच चेहरा होता. कॅशियस क्ले हे नाव गुलामाचं म्हणून त्यानं फेकून दिलं, जसं आपण धर्म फेकून दिला. २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन. लष्करभरतीला नाव पुकारलं. पाऊल पुढं टाकायचं होतं. त्यानं टाकलं नाय. एवढंच. एक न टाकलेलं पाऊल! व्हिएतनामातल्या गरिबांवर मी गोळ्या का झाडू, हा त्याचा सवाल होता. जगज्जेतेपद काढून घेतलं, परवाने काढून घेतले, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. अपिलात बाहेर राह्यला, पण पंचविसाव्या वर्षापासून साडेतीन वर्षं रिंगण बंद. बॉक्सरच्या आयुष्यातली ही ऐन वर्षं. १९७१च्या जूनमधे सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली, वर्षं कुणी परत केली नाहीत. तरी ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. बत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या आधीही मोठे बॉक्सर होते, त्याच्यापेक्षा कमी लढती हरलेले होते. पण 'मीच सगळ्यात मोठा' असं त्यानं १९६४ला ओरडून सांगितलं तेव्हा गोऱ्या अमेरिकेच्या अंगाची आग झाली, कारण ज्याला वाकून चालायचं शिकवलं होतं त्यानं स्वतःचं मोजमाप स्वतःच केलं होतं. ते वाक्य म्हंजे फुशारकी नव्हती. आपल्या वस्तीतल्या पोरानं इंटरव्ह्यूला गेल्यावर मान वर करून बसावं, तसं ते होतं.

पण मित्रहो, या अंकात आपण आरत्या छापत नाय. अलीच्या वहीतही दुसरं पान आहे. बंदीच्या काळात फ्रेझरनं अलीला पैशाची मदत केली, त्याला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. आणि लढत ठरल्यावर अलीनं त्याला काय म्हटलं? गोऱ्यांचा चमचा. 'अंकल टॉम' म्हंजे तेच. १९७५ला मनिलात तर गोरिला म्हटलं, रबराचा गोरिला खिशातून काढून पत्रकारांपुढं त्याला ठोसे मारले. एका काळ्या माणसानं दुसऱ्या काळ्या माणसाला, कत्तलखान्यातल्या मजुराला. तिकिटं खपली. फ्रेझर ते मरेपर्यंत विसरला नाय. आणि किन्शासाच्या त्या लढतीचे पैसे मोबुटूच्या सरकारनं घातले होते, आपल्याच जनतेला तुडवणाऱ्या हुकूमशहाच्या. काळ्या खंडात काळ्यांचा सोहळा म्हणून तो खपवला गेला. एवढं सगळं असूनही मी अलीला मोठा म्हणतो. ह्यूस्टनच्या त्या खोलीत त्यानं जे गमावलं ते स्वतःचं होतं, दुसऱ्याचं नव्हतं, म्हणून म्हणतो.

'चमचा' हा शब्द आला तो बरा आला. काकांच्या आक्षेपाचं मूळ तिथंच आहे.

आक्षेप खोटा नाय. तो पुरा सांगतो, झाकत नाय. १९३२ला स्वतंत्र मतदारसंघाच्या लढाईत बाळू गांधींच्या बाजूला होते, एम. सी. राजांच्या बरोबरीनं. बाबासाहेबांवर जो दबाव आला त्यात त्यांचाही हात होता. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर पी. बाळू ही सही आहे. कांशीराम यांनी त्याच कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ला, 'चमचा युग' लिहिलं, ते उगाच नाय. १९३३ला बाळू मुंबईत हिंदू महासभेकडून पालिकेला उभे राह्यले, पडले. आणि १९३७ला, मुंबईच्या विधिमंडळाला, काँग्रेसच्या तिकिटावर, थेट बाबासाहेबांपुढं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं. बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस. त्या दोन हजार वीस माणसांची आठवण ठेवा. काँग्रेसची लाट, घराघरात ठाऊक असलेलं नाव, त्यात महार-चांभार अशी जुनी फट, आणि तरी गिरणगावच्या लोकांनी बरोबर शिक्का मारला. उलटं झालं असतं तर पुढचा इतिहास कसा गेला असता, विचार करूनच अंगावर काटा येतो.

म्हणजे राजकारणात बाळू चुकले. साफ चुकले. या अंकाचं याबद्दल दुमत नाय.

पण ते तिथपर्यंत कसे गेले तेही बघायला नको का? १९११ला विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्यांनी त्यांचा सत्कार केला. त्यातलं मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं गुहा नोंदवतात. म्हंजे बाबासाहेबांना या माणसाची किंमत आपल्या आधी कळली होती. त्यानंतरची दहा वर्षं बघा. हिंदू संघातला सगळ्यात थोर, सगळ्यात अनुभवी खेळाडू बाळू, आणि कप्तान दरसाल दुसराच. १९१३ला एम. डी. पै कप्तान झाले. पै भला माणूस, जातीनं बामण, जाहीर सत्कारात म्हणाला की हा मान माझे मित्र बाळू यांचा होता. म्हणाला, पण पद काय सोडलं नाय. १९२०ला पुण्याच्या सामन्यांसाठी पै आजारी, तर कप्तानपद दि. ब. देवधरांना, आणि बाळूंना संघातूनच वगळलं.

आणि इथं जे झालं ते मला अलीच्या न टाकलेल्या पावलाइतकंच मोठं वाटतं. शिवराम आणि विठ्ठल, दोघे भाऊ, संघातून बाहेर पडले. संप! त्यांनी जाहीर पत्रक काढून सांगितलं की ही निवड जातीवर झालीय. ज्या काळात मुंबईच्या गिरण्यांत संपाची भाषा नुकती रुळत होती त्या काळात दोन चांभार क्रिकेटपटूंनी हत्यार खाली ठेवलं. ज्यानं कधी संप केलाय त्याला ठाऊक आहे की संप करणाऱ्याला काय वाटतं. उद्या आपल्याशिवाय काम झालं तर? आपल्याशिवाय जहाज रिकामं झालं तर? विठ्ठल तेव्हा ऐन भरातला बॅट्समन, सगळं करिअर पुढं. तरी बसला घरी. गावात बोंब झाली, लोक बाजूनं बोलायला लागले, पै परतले, भाऊ परतले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बाळू उपकप्तान झाले. सामन्यात पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघ एका अस्पृश्याच्या हुकुमावर फिरला. तीन वर्षांनी, १९२३ला, विठ्ठल रीतसर कप्तान झाला. युरोपियनांना हरवलं आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा जिंकला.

म्हणजे दार उघडलं कुणी? रानडे-टिळकांच्या कौतुकानं नाय. संपानं उघडलं, आणि त्याच्यामागं बाळूंचे पंचवीस वर्षांचे बळी होते म्हणून संपाला वजन आलं. खेळ येत नसता तर संपाला कुणी विचारलं नसतं, आणि संप केला नसता तर खेळाला. माझ्या मते मोठेपणाचं माप इथं आहे. नुसतं कौशल्य असेल तर सर्कस आहे. नुसती भूमिका असेल तर आपल्याकडं पुढारी काय कमी आहेत?

आता ज्या लोकांनी बाळूंना दहा वर्षं कप्तानपद दिलं नाय, त्यांच्याच नात्यागोत्यातल्या पक्षांनी म्हातारपणी त्यांना तिकीट दिलं. संघाचा कप्तान व्हायला हा माणूस लायक नव्हता, बाबासाहेबांविरुद्ध उभा करायला मात्र एकदम लायक! ही चाल ओळखा. अजून चालू आहे. आपल्या वस्तीतला नट, गायक, खेळाडू मोठा झाला रे झाला की निवडणुकीच्या आधी गाडी येते.

काकांना माझं उत्तर असं आहे. तुम्ही बाळूंचं १९३७ विसरू नका, आम्हीही विसरत नाय. पण चमचा म्हणून अख्खा माणूस केरात टाकायचा असेल तर मग तुम्ही अलीचंच काम करताय, जे त्यानं फ्रेझरशी केलं. आणि त्यात फायदा कुणाचा? देशातली सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा रणजीच्या नावानं. कोण रणजी? नवानगरचा राजा, कसोट्या पंधरा खेळला, सगळ्या इंग्लंडकडून. तो चषक दिला कुणी? त्याच भूपिंदरसिंग महाराजांनी. दुलीप करंडक रणजीच्या पुतण्याचा, तोही इंग्लंडकडूनच खेळला. देवधरांच्या नावाचाही करंडक निघाला. देवधर मोठा बॅट्समन, १९२६ला एम. सी. सी.विरुद्ध १४८ काढले, ते मी नाकारत नाय. राजाला चषक, प्राध्यापकाला चषक. रोलर ओढणाऱ्याला आपण स्वतःच नाकारलं तर दुसरा कोण देणार आहे?

नाव बाळूंचं द्यावं, असं या अंकाचं मत. चषकावर '११४ बळी, १९११' कोरा. आणि बक्षीस समारंभात १९३७चा निकालही मतांसकट वाचून दाखवा. ११,२२५ आणि १३,२४५. लपवून मोठं करायची पद्धत पुराणवाल्यांची. राजकारणातली भक्ती माणसाला खड्ड्यात नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं. मैदानातली भक्ती त्याहून वेगळी कशाला असेल?

पोरं मला विचारतील, हे सगळं जुनं झालं, आता कुठं आहे जात खेळात? ऑगस्ट २०२१. टोकियो. आपल्या बायांची हॉकी टीम उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून हरली. चार दिवस आधी वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले होते. ऑलिंपिकमधे हॅट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. तिच्यामुळं तर टीम पुढं गेली होती. हरल्याच्या दिवशी हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तिच्या घरापुढं सवर्ण पोरं फटाके फोडून नाचली. टीममधे तुमच्या जातीचे जास्त भरलेत म्हणून हरली, असं तिच्या घरच्यांना ऐकवलं. १९०६ला बाळू जिंकून देत होते तोवर हिंदू होते. २०२१ला वंदना हरली त्या दिवशी परत आपल्या जातीत पोचली. जिंकलो की देश, हरलो की जात. शंभर-सव्वाशे वर्षांत कपबशी बदलली, चहा तोच आहे.

आणि वंदना? पुन्हा मैदानात उतरली, पुढची चार वर्षं देशाकडून खेळली, आणि एप्रिल २०२५मधे ३२० सामने खेळून थांबली. पोरांनो, टूर्नामेंटला पोरींची टीम का नाय, हा प्रश्न सभेत कुणीच विचारला नाय. मीच विचारतो. मैदान सकाळी सहा ते आठ पोरींना मोकळं ठेवा, मग बाकीच्या गप्पा.

पुढच्या अंकासाठी काही कामं आहेत. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ला 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. त्याची प्रत आपल्या कुणाच्या घरात, कुठल्या जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर असेल तर कळवा. विकत मागत नाय, हातानं उतरवून परत देऊ. बाळू ४ जुलै १९५५ला मुंबईत गेले. त्यांना किंवा विठ्ठलला खेळताना पाह्यलेल्या माणसाकडून ऐकलेलं कुणाच्या आज्या-आजीकडं काही असेल तर म्हाताऱ्यांना बोलतं करा, लिहून घ्या, तारीख टाका. शुद्धलेखनाची चिंता करू नका, ते मलाही येत नाय. गोदीतल्या, गिरणीतल्या, रेल्वेतल्या जुन्या कबड्डी-व्हॉलीबॉल टीमांचे फोटो असतील तर तेही द्या, मागं नावं लिहून. सगळ्यांची नावं. उभे डावीकडून, बसलेले डावीकडून, आणि कोपऱ्यात पाण्याची बादली धरून उभा असेल त्याचंही.

जय भीम.